कोंडिबाची गायन पार्टी, तेर

येरमाळ्याच्या स्टँडवर रामकिसन आणि मथुराबाई पहिल्यांदा भेटले ते भांडायलाच. पंच्याऐंशी सालचा उन्हाळा. धाराशिवला जाणारी गाडी तेरखेड्याजवळ बंद पडल्याची बातमी कुणीतरी आणली होती, आणि स्टँडवरची माणसं जिथं सावली सापडेल तिथं बूड टेकून बसली होती. रामकिसन साखर कारखान्यात फिटर. अख्खा हंगाम मिलच्या धडधडीत काढायचा, त्यामुळं जरा शांत जागा मिळाली की त्याच्या तोंडातून आपोआप गाणं बाहेर पडायचं. तसंच ते तेव्हाही पडलं.

"आटल्या तळ्याच्या पोटात बाई, पानी जागं हाय..."

"माती जागी हाय," बाकाच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला.

रामकिसननं वळून पाहिलं. पांढऱ्या काठाची निळी साडी नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी घेतलेली एक बाई समोर रस्त्याकडं बघत बसली होती.

"काय म्हनलात?"

"पानी न्हाय, माती जागी हाय. म्हनायचंच हाय तर नीट म्हना, भाऊ."

रामकिसनला राग यायला हवा होता, पण त्याला आनंदच इतका झाला की राग मागंच राहिला. इतक्या वर्षांत हे गाणं ओळखणारं माणूस त्याला भेटलं नव्हतं. कारखान्यातले सोबती तर म्हणायचे, रामकिसन स्वतःच गाणी जुळवतो आणि कुण्या कोंडिबाच्या नावावर खपवतो.

"तुमी कोंडिबाची पार्टी ऐकलीया?"

"ऐकलीया म्हंजे?" बाईनं आता त्याच्याकडं तोंड केलं. "जल्माला पुरंल इतकी ऐकलीया."

ही मथुराबाई. येडशीला अंगणवाडी चालवायची, येरमाळ्याला कसल्याशा मीटिंगला आली होती.

कोंडिबाची पार्टी म्हणजे तीनच माणसं. तेरचा कोंडिबा पेटी वाजवायचा आणि गाणी बांधायचा. त्याची बायको बनाबाई गायची. धाकटा भाऊ मच्छिंद्र ढोलकीवर. पेटीच्या भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं आणि भाता ओढला की ते ठिगळ आधी सुस्कारा टाकायचं, मग सूर निघायचा. बाबासाहेबांच्या जयंतीला, बारशाला, लग्नाला, जत्रेला ते गायचे. सोलापूरकडच्या मोठ्या पार्ट्या कोट घालून यायच्या, त्यांच्या तबकड्या हॉटेलाहॉटेलांत वाजायच्या. कोंडिबाची तबकडी कधी निघालीच नाही. एकदा एक रेकॉर्डिंगवाला माणूस बनाबाईचा आवाज ऐकून हरखला होता. पण त्याला एकटी बनाबाई पाहिजे होती. पेटी आणि ढोलकी तो आपली देणार होता. बनाबाई त्याच्या दारातून परत आली. "तिघांचं गानं हाय, म्या एकलीनं कसं म्हनू?" एवढंच ती म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

"तुमी पयल्यांदा कुठं ऐकलं?" रामकिसननं विचारलं.

"बहात्तरच्या दुष्काळात. तळ्याच्या कामावर." मथुराबाईनं पिशवी बाजूला ठेवली. "नवं लगीन झालेलं माझं. दिसभर खडी फोडायची. हाताला फोड आल्याले, त्यो घन धरवत नव्हता. दुपारच्याला समदी रेशनच्या मिलो जवारीची लाल भाकर घिऊन बसायची, पर कुनी कुनाशी बोलायचं न्हाय. बोलायला तोंडात थुकी तर पायजे. आन् एक दिवस पलीकडच्या टोळीतनं आवाज उठला. ढोलकी न्हाय, पेटी न्हाय. मच्छिंद्र घमेल्यावर ताल धरून बसल्याला, आन् बनाबाई ह्येच गानं गात व्हती."

"घमेल्यावर?"

"व्हय. लोखंडी घमेल्यावर. तुमाला सांगते भाऊ, मुकादम उठा म्हनायला आला आन् त्योबी बसला. त्या दिशी मला पयल्यांदा वाटलं, ह्यो उन्हाळा सरंल."

मग रामकिसननं आपलं सांगितलं. हेच येरमाळा, चैताची जत्रा. तो बापाच्या बैलगाडीतून आला होता. कोंडिबाची पार्टी गायला उभी राहिली आणि मुखड्यालाच भोंगा बंद पडला. पलीकडं पाळणे फिरत होते, पिपाण्या वाजत होत्या, माणसं उठायला लागली. तेव्हा बनाबाईनं पदर कमरेला खोचला आणि ती स्टेजवरून खाली उतरली. माणसांत फिरत गायला लागली. जिकडं ती जाईल तिकडची माणसं खाली बसायची. ती पुढं जायची, पुढची बसायची.

"वारा आल्यावर पिकं वाकत्यात न्हाय, तसं," रामकिसन म्हणाला. "म्या गाडी इसरलो, बैलं इसरलो. बाप मला जत्राभर हुडकत व्हता."

"मारलं?"

"मारलं न्हाय. पर त्यांच्या मधी जाऊन मांडीला मांडी लावून बसलास म्हनून लई दिस बोलला न्हाय."

"मग?"

"मग काय. नळदुर्गाला त्यांचा कारेक्रम व्हता, तिकडं गेलो. वीरप्पाच्या धाब्यावर. ट्रकवाली जेवायची थांबली व्हती, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ट्रकाच ट्रका. परत आलो तवा बाप आनखीन बोलायचा बंद झाला."

मथुराबाई तोंडाला पदर लावून हसली. पण गाण्याच्या ओळीवर मात्र ती हटेना. माती म्हणजे मातीच. रामकिसनही हटेना, त्यानं ती ओळ किती ठिकाणी ऐकली होती, सगळीकडं पानीच होतं. शेजारी तंबाखू मळत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं गाणं न ऐकताच मातीची बाजू घेतली. गाडी आली तरी दोघं बोलतच चढले. कंडक्टर म्हणाला, "भांडायचं असंल तर तिकिटं एकाच सीटची काढा, मला मधनं जाता येत न्हाय."

येडशीला उतरताना मथुराबाई म्हणाली, "बनाबाई हाय अजून तेरला. ऐतवारी म्या जाऊन इचारते."

"म्याबी येतो," रामकिसन म्हणाला.

ऐतवारी दोघं तेरला गेले. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं घर, दारात बनाबाई मिरच्या वाळत घालत होती. केस पांढरे झाले होते, पण मान तशीच ताठ. आत खाटेवर कोंडिबा बसला होता. दम्यापायी त्याचं गाणं कधीचंच सुटलं होतं. मथुराबाई जयभीम म्हणाली. रामकिसनला काय म्हणावं कळेना, तो घाईनं "जयभीम, शाहीर" म्हणाला, आणि त्याच वेळी कोंडिबा त्याला "रामराम" म्हणाला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले आणि कोंडिबाला हसता हसता खोकल्याची उबळ आली.

बनाबाईनं पाणी आणून दिलं. रामकिसन तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्याला आणि त्यानं लगेच मुद्द्याला हात घातला.

कोंडिबानं सगळं ऐकून घेतलं. त्याला मजा वाटत होती. जे गाणं लोक विसरून वर्षं झाली होती, त्याच्या एका शब्दावरून दोन माणसं पदरचं तिकीट काढून त्याच्या दारात आली होती.

"तुमी कवा ऐकलं?" त्यानं मथुराबाईला विचारलं. "कामावर? मग मातीच. तवा तळ्यात पानी कुठं व्हतं? खनल तिथं माती. दोन सालांनी त्येच तळं भरलं. मंग म्या जाऊन बघितलं आन् शबुद बदलला." तो रामकिसनकडं वळला. "तुमी मागनं ऐकलं. तुमचं पानी."

दोघंही खरे ठरल्यामुळं दोघांचीही थोडी निराशा झाली.

"पर तुमी आमच्या कामावर गायला कशापायी आला व्हता?" मथुराबाईनं विचारलं. "तवा कोन बोलावनार?"

बनाबाई मिरच्या उलटवता उलटवता म्हणाली, "गायला कोन आलं व्हतं? आमीबी खडीच फोडाय आलो व्हतो. दुष्काळात लग्नं न्हाईत, जत्रा न्हाईत. पेटी घरी, ढोलकी घरी. माजं तर प्वाट दुखत व्हतं त्या दिशी. मच्छिंद्र म्हनला, वैनी, तू गा, मंजी तुजं ध्यान जाईल."

मथुराबाई तिच्याकडं बघतच राहिली. इतकी वर्षं तिनं तो दिवस मनात जपला होता. त्या दिवशी पार्टी आपल्यासाठी आली, असं तिला वाटत आलं होतं. ती उठली आणि बनाबाईच्या शेजारी बसून मिरच्या उलटवू लागली.

एवढ्यात मच्छिंद्र आला. तो आता सूतगिरणीत होता, केसांत कापसाचे तंतू तसेच. त्यानं सगळं ऐकलं आणि ठाम सांगितलं की घमेलं नव्हतंच, पत्र्याचा डबा होता, आणि त्या दिवशी हे गाणं झालंच नाही, दुसरंच झालं. त्यावरून बनाबाई आणि त्याची जुंपली.

निघताना रामकिसन म्हणाला, "शाहीर, एकदा परत व्हऊ द्या की."

"माजा दम पुरत न्हाय."

"कोन येनार हाय ऐकायला?" बनाबाई म्हणाली. पण ती नाही म्हणाली नव्हती, हे चौघांनाही कळलं.

रामकिसन उत्साहानं कारखान्यात गेला. हंगाम संपला की वसाहतीत कार्यक्रम व्हायचा. तो ठरवणाऱ्या मंडळींपैकी एकानं विचारलं, "यांची रेकॉर्ड निघालीय का?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "औंदा ऑर्केस्ट्रा ठरलाय. लायटिंगसकट." रामकिसन लई बोलला, पण ऐकायला कुणी तयार नव्हतं. तोंड पाडून त्यानं येडशीला निरोप धाडला. मथुराबाईचा उलटा निरोप आला, "अंगणवाडीचं पटांगण हाय. दिस कलला की सुरू करू. कुनाची परवानगी नको."

कार्यक्रमाच्या दिवशी येडशीत नेमका पिक्चर दाखवणारा भाड्याचा व्हिडिओ आला. चावडीपुढं माणसं जागा धरायला पळत होती. पटांगणात मथुराबाईनं सतरंज्या अंथरल्या होत्या आणि त्यांच्यावर तिच्या अंगणवाडीतली पोरं कोलांट्या मारत होती. बनाबाई नव्या लुगड्यात ओसरीवर बसली होती. रिकाम्या सतरंज्यांकडं बघून ती म्हणाली, "मथुरा, तरी म्या म्हनले व्हते."

पण मग माणसं यायला लागली. ढोकीचं एक जोडपं आलं, त्यांच्या लग्नात पार्टी गायली होती. तळ्याच्या कामावरच्या बाया आल्या, येरमाळ्याकडचे काही जण आले. नळदुर्गहून वीरप्पा धाबेवाला ट्रकच्या केबिनमध्ये बसून आला. त्याला हे एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं. खाली उतरल्या उतरल्या तो रामकिसनला म्हणाला, "तू लई बारीक होतास की रे. आता पोट आलं बघ." पटांगण भरलं नाही. पण सतरंज्या भरल्या.

कोंडिबानं पहिलं गाणं बाबासाहेबांचं घेतलं आणि निभावलं. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात त्याचा श्वास तुटला. तोंड उघडं, आवाज नाही. पेटी तेवढी चालू राहिली. रामकिसनला वाटलं, आपण उगीच या माणसाला इथं आणलं. पण बनाबाईनं नवऱ्याकडं पाहिलंही नाही. जिथं त्याची ओळ तुटली, त्याच अक्षरावर तिनं ती उचलली. तिचा आवाज पूर्वीसारखा उंच राहिला नव्हता. खाली उतरला होता, खरखरीत झाला होता. रामकिसनच्या ध्यानात असलेला आवाज हा नव्हता. पण कडवं संपेपर्यंत त्याला हाच जास्त आवडायला लागला. मच्छिंद्रनं ताल जरा सावकाश केला, तिला दम घ्यायला जागा राहील इतका. कोंडिबानं डोळे मिटून घेतले आणि मान हलवत पेटी वाजवत राहिला.

तळ्यावरच्या बाया पुढं सरकल्या. ज्या कडव्याला बनाबाई अडखळेल ते त्या म्हणायच्या. वीरप्पाला शब्द येत नव्हते, तो नुसता "हां... हां..." करत होता. चावडीवरून काही माणसं व्हिडिओ सोडून आली आणि मागं उभी राहिली. मथुराबाईनं खुणेनंच त्यांना खाली बसवलं.

गाणी संपली तरी कुणी उठेना. ढोकीच्या बाईनं आपल्या लग्नातलं गाणं मागितलं. बनाबाईला ते आठवत नव्हतं, तर त्या बाईनंच पहिली ओळ म्हणून दाखवली.

कार्यक्रम मोडल्यावर रामकिसन कोंडिबाजवळ गेला. काय बोलावं हे त्यानं मनात ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी त्याला फक्त "शाहीर, लई झ्याक" एवढंच सुचलं.

"कसलं झ्याक," कोंडिबा धापा टाकत म्हणाला. "तिसरं गानं पार कोसळलं. मच्छिंद्र घाई करतोय."

"म्या घाई केली? तुजी पेटी मागं राहिली, दादा."

बनाबाई पेटीला फडकं गुंडाळत होती. तिनं दोघांना गप्प केलं आणि मथुराबाईला विचारलं, "येरमाळ्याला तुजं कुनी वळखीचं हाय का गं? आता पुढची जत्रा कवा हाय?"

मथुराबाईनं रामकिसनकडं बघितलं. रामकिसननं पेटी खांद्यावर घेतली आणि सगळे स्टँडकडं चालू लागले. जत्रेला अजून बराच अवकाश होता, पण वाटेत पहिलं गाणं कुठलं घ्यायचं यावर पाचही जणांची बोलणी सुरू झाली, आणि वीरप्पानं नळदुर्गचा दिवसही आत्ताच ठरवून टाका म्हणून हट्ट धरला.