चौथ्या कडव्यानंतर

चौथं कडवं संपलं आणि मी बोट वर केलं. पहिल्या बाकावरून, मागे न बघता, डोक्याच्या वर एकच बोट. म्हणजे मंडळी, पुन्हा पहिलं कडवं. खाली बसायला निघालेले पाळकसाहेब अर्ध्यातून उठले, मागच्या बाकावरच्या दोघी नर्सबाईंनी मिटलेली पुस्तकं उघडली, आणि काही झालंच नाही अशा थाटात सगळे पुन्हा गायला लागले. कारण ऑर्गन थांबला नव्हता. ऑर्गनवर माझी बायको होती आणि गीत संपलेलं तिला कळलं नव्हतं.

युक्ती माझीच. चर्चमधला ऑर्गन ती एकोणचाळीस वर्षं वाजवत होती. आमच्याकडे पाठ, डोळे मिटलेले, पाय भात्यावर. तिला शिकवणारे जुने पाळक सांगून गेले होते की कडवी मोजायची नाहीत, माणसं ऐकायची. ती गाणं कुठे संपवतात ते त्यांच्या श्वासावरून समजतं. तिने ते आयुष्यभर पाळलं. पण आठवड्याचे सहा दिवस ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात असायची. तिथली चादरी धुणारी यंत्रं बत्तीस वर्षं तिच्या कानाशी घरघरत राहिली आणि हळूहळू कान घेऊनच गेली. बोललेलं तिला जेमतेम समजायचं, तेही समोर उभं राहून बोललं तर.

पहिल्यांदा ती चुकली तेव्हा सगळं चर्च गप्प आणि ऑर्गन एकटाच चाललेला. मी सरळ गायला लागलो. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेली बिजागरी. माझी कीव येऊन की काय, बाकीच्यांनी सूर धरला. त्या आठवड्यात मी घरोघर फिरलो. मी विजेचे मीटर वाचणारा माणूस, निवृत्त झालो तरी कोणाचं दार कुठे उघडतं ते मला पाठ. सगळ्यांना म्हणालो, ती थांबेपर्यंत गात राहू या. एक बोट म्हणजे पहिलं कडवं, दोन बोटं म्हणजे दुसरं. नाही कोणीच म्हणालं नाही. एका रविवारी तर आम्ही सात कडवी गायलो.

घरी आल्यावर ही खुशीत म्हणायची, "अहो, हल्ली मंडळी किती उत्साहात गाते! खाली बसायचं नावच घेत नाही."

मी चहाच्या कपात तोंड खुपसून हो हो करायचो.

आठ महिने असे गेले. मग हिच्या धुलाईखान्यातली मुकादमबाई वारली. दफनाआधीच्या उपासनेला चर्च भरलं, पण निम्म्याहून जास्त पाहुणे बाहेरगावचे. त्यांना आमचं गुपित कुठून ठाऊक असणार? चौथं कडवं संपताच ते सगळे एकदम खाली बसले. शंभरेक माणसं एकदम बसली की चर्चची लाकडी जमीन हादरते. हिला ते कानांनी नाही, पायांनी कळलं. हात पट्ट्यांवर तसेच ठेवून तिने मान वळवली. पाहुणे बसलेले, आमची पंधरावीस माणसं उभी राहून जिवाच्या आकांताने गात होती, आणि सगळ्यांच्या पुढे मी, बोट वर करून.

तिने ऑर्गन थांबवला. पुढची दोन गीतं नीट वाजवली. मला वाटतं, त्या दिवशी ती मोजत होती.

घरी येऊन ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला बसली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, दवाखान्यातल्यासारख्या. मी समोर जाऊन बसलो.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मी आठ बोटं दाखवली.

"आठ आठवडे?"

"महिने."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"पाळकसाहेबांनासुद्धा?"

"त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा असतो."

तिला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. "देवाच्या घरात नाटक केलंत माझ्यासाठी."

"नाटक कसलं गं? गातच तर होतो."

"ते काही नाही. पुन्हा माझ्याशी खोटं वागायचं नाही. काय?"

"नाही वागणार," मी म्हणालो आणि मनापासून म्हणालो.

तिने घडी घातलेल्या चादरीवरून हात फिरवला. "तुम्हाला काय बोलू? माझंच चुकलं. कान गेलेत हे मला कळत होतं. डॉक्टरकडे मुद्दाम गेले नाही. रोज सकाळी गुडघे टेकून म्हणायचे, प्रभू, जशी तुझी इच्छा. आणि आतल्या आत म्हणायचे, बाकी काय हवं ते घे, फक्त ऑर्गनला हात लावू नकोस. आता तो तेवढंच मागतोय आणि मी मूठ आवळून बसलेय."

मला ते बघवेना. आम्हाला मूलबाळ नाही. जे काही होतं ते त्या ऑर्गनमध्येच होतं. मी म्हणालो, "इतक्यात हार कशाला मानतेस? कानाचं यंत्र घेऊ. देवाने मागितला म्हणून पोराचा बळी द्यायला डोंगरावर गेलेल्या बायबलमधल्या त्या म्हाताऱ्या बापालासुद्धा ऐन वेळी पोराच्या बदल्यात झुडपात मेंढा सापडलाच ना?"

"सापडला," ती म्हणाली. "पण तो मेंढा शोधायला डोंगर चढला नव्हता."

पस्तीस वर्षं मी लोकांच्या भिंतीवरचे आकडे वाचले, ती तिचं पवित्र शास्त्र वाचत होती.

"यंत्र आणा तुम्ही," ती पुढे म्हणाली, "तुमची बडबड ऐकायला लागेलच. पण ऑर्गन द्यायचा तो द्यायचा."

बुधवारी तिने कंडक्टरणीला चर्चमध्ये बोलावलं. बसवर तिकिटं फाडणारी ती तरुण बाई, ऑर्गन हिच्याकडेच शिकलेली. दोन वर्षं बाकावर बसून मांडीवर बोटं चालवायची, पण वाजवू का म्हणून विचारायची तिची कधी छाती झाली नाही. हिने तिला भात्याचा डावा पायटा कुठे अडकतो ते दाखवलं, बसायची उशी दिली, ओल आली की कोणती पट्टी रुसते ते सांगितलं.

"माणसं ऐक," ती म्हणाली, "पण बाई, कडवीही मोजत जा."

शेवटी झाकणाची किल्ली दिली. किल्ली दोघींच्या हातात क्षणभर तशीच राहिली. मग हिने बोटं सोडली. कंडक्टरण रडायला लागली, तेव्हा हिनेच तिला दटावलं, "पट्ट्यांवर पाणी पाडू नकोस, फुगतात."

रविवारी ती माझ्या शेजारी बसली. एकोणचाळीस वर्षं चर्चमध्ये माझ्या बाजूला तिची पर्स आणि छत्री बसायची. आता ती स्वतः होती आणि पर्स कुठे ठेवायची ते मला सुचेना. खरं सांगतो, तिच्या मनात काय चाललंय ते ठाऊक असूनही मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

यंत्र यायला अजून महिना होता. गीत सुरू झालं ते तिला माझ्या ओठांवरून कळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत गात होती. कंडक्टरण सुरुवातीला जरा घाईत होती, तिसऱ्या कडव्याला सावरली. चौथं संपलं, ऑर्गन थांबला, चर्च शांत झालं.

कमी ऐकणाऱ्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते. ही माझ्याकडे वाकून म्हणाली, "बरं वाजवलं का हो तिने?"

मी मान डोलावली.

"माझ्यापेक्षा?"

ऑर्गनवर कंडक्टरणीची पाठ ताठ झाली. मी वचन दिलेलं होतं. बायकोकडे पूर्ण वळलो आणि तिला दिसेल असं सावकाश म्हणालो, "अजून नाही."

तिने ते नीट वाचलं.

"होईल," ती मोठ्याने म्हणाली.

पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. तिला ते ऐकू आलं नाही. मी मान खाली घातली, ते बघून तिनेही घातली.