साठ घडांचं गणित

सहामाही परीक्षेत मी गणित घातलं होतं: एका द्राक्षवेलीला साठ घड लागतात, तर दहा वेलींचे किती घड विकता येतील? भाग्यश्रीनं तीनशे लिहिलं.

"उरलेले तीनशे तूच खाल्लेस का गं?" मी भर वर्गात विचारलं. सगळी पोरं हसली.

दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर पेठहून निफाडला मजुरीला गेली. तिला परत आणायला मी तिथल्या द्राक्षबागेत गेले. तिची आई वेलीवरचे निम्मे कोवळे घड कापून खाली टाकत होती.

"निम्मे काढले नाय तर बाकीचे पोसत नाय, बाई."

खाली पडलेले घड वेचणाऱ्या भाग्यश्रीनं मान वर केली नाही. माझ्याबरोबर आलीही नाही.

सोमवारी मी फळ्यावर सहाशे लिहिलं आणि लाल खडूनं फुली मारली.

"मग बरोबर उत्तर कुणाचं, बाई?"

मी भाग्यश्रीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.