खुरातली चवळी

"बाबा, हरणं इथे चरायला येणार आहेत. कॅरम खेळायला नाही!"

लेकीने हातातलं पेन जमिनीत खुपसलं. जमिनीवर ओरखडाही उठला नाही, पेनचं टोक मात्र चेपलं. ते तिने बापाच्या नाकासमोर धरलं.

बाप म्हणजे रोलरकाका. सगळी वस्ती त्यांना रोलरकाकाच म्हणायची. उभा जन्म रस्ते दाबण्यात गेलेला. रिटायर झाले तरी चालताना टाच आपटून जमीन वाजवून बघायचे. काल दुपारभर शाळेच्या मैदानावरचा हातरोलर ओढून त्यांनी लेकीचं नुकतं पेरलेलं रान दाबून चकचकीत केलं होतं. माती चिकटू नये म्हणून रोलरला ओलं गोणपाटसुद्धा गुंडाळलं होतं. कामात कसूर म्हणून नाही.

"तूच म्हणालीस ना, बी टाकलं की वरून जरा दाबायचं?"

"जरा! पायाने! इथून काय ट्रक न्यायचाय?"

"नेलास तरी खचणार नाही," काका बोलून गेले आणि मग जीभ चावली.

लेक जंगलखात्यात रक्षक होती. जंगलाला लागून जाणारा रस्ता काकांच्याच हातचा. रस्त्याच्या अलीकडे वाळकं जंगल, पलीकडे हिरवी शेतं. पोट कुणाला चुकलंय? हरणं अंधार पडायच्या सुमाराला रस्ता ओलांडायची. मागे एक गाभण हरिणी ट्रकखाली आली. आपल्या एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर ती तशी पडलेली काकांनी बघितली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ते आपला जुना लाल झेंडा घेऊन तिथे उभे राहायला लागले. ड्रायव्हर शिव्या घालायचे. काका व्याजासकट परत करायचे.

लेकीने डोकं लढवलं. रस्त्याच्या अलीकडेच पोटभर मिळालं तर हरणं पलीकडे कशाला मरायला जातील? पूर्वी जिथे रोलर आणि खडी ठेवत ते जंगलाकडचं पटांगण तिने साहेबांकडून मागून घेतलं. साहेब म्हणाले, "उगवलं तर तुझं. नाहीतर तिथे परत खडी टाकू." जमीन कसली, दगडच तो! आणि तो दगड केलेला काकांनीच. बापलेकीने पहारीने तो फोडला, हाताला फोड आणले, शेणखत कालवलं, टँकरने भिजवलं, चवळी आणि लसूणघास पेरला. सगळं झकास झालं होतं. तेवढ्यात काकांच्या हाताला खाज सुटली.

"कुदळीने परत उकरू?" काकांनी हळूच विचारलं.

"आतलं बी ठेचायचंय का? काही करू नका. लांब राहा. रानापासून, आणि जरा माझ्यापासूनपण." स्कूटरला किक मारून ती गेली.

घरी काकूंनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बरं झालं, तिलापण कळलं. माझी गादी बघा, झोपून झोपून फळी केलीय तुम्ही तिची."

काकांना रात्रभर त्या फळीवर झोप लागली नाही. उजाडताच ते रानावर हजर. बघतात तर काय, खालची ओल रात्रीतून वर येऊन माती जरा नरमलेली, तिच्या वासाने हरणं येऊन गेलेली, आणि जागोजागी खुरांचे खड्डे! काकांचं टाळकं फिरलं. ताज्या कामावर पाय म्हणजे काय! या असल्या गोष्टीवरून त्यांनी एकदा मुकादमाची कॉलर धरली होती. त्यांनी थापी काढली आणि खड्डे बुजवायला वाकले.

मागून काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. "अहो! ज्यांच्यासाठी पान मांडलंय ते येऊन गेले, आणि तुम्ही त्यांची पावलं पुसताय?"

थापी हवेतच राहिली. मग गुपचूप खिशात गेली.

पुढचा टँकर आला. काकांच्या हातचा उतार असा नेमका की पाणी रानावरून सरसर घसरलं आणि चरात पडलं. लेक चराच्या काठावर बसून वाहून जाणारं पाणी बघत राहिली. ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

नंतर काही दिवस ते तिच्या नकळत जायचे, लांबून बघायचे, परत यायचे. एका सकाळी मात्र राहवलं नाही. चपला काढून आत गेले. सगळं रान उघडं, टकलासारखं. पण खुरांच्या खड्ड्यांत? पाणी साठून तिथली माती मऊ झालेली, आणि प्रत्येक खुरात चवळीचा कोंब मान वाकवून वर येत होता! जिथे खूर नाही तिथे ठणठणाट.

काकांनी अशी आरोळी ठोकली की लेक हेल्मेट न काढताच धावत आली. वाकून बघितलं. मग बापाकडे बघितलं.

"हरणांना अक्कल आहे," ती म्हणाली.

"आहेच. तुझ्या आईएवढी."

त्या रात्री माती मऊ व्हावी म्हणून उरलेल्या रानावर ओली गोणपाटं अंथरली. सकाळी ती काढून तिघं टाचा आपटत, खुरांसारखे खड्डे पाडत निघाले. काका पुढे, लेक मागून बी टाकत, काकू पदर खोचून अशा नाचत होत्या की जाणारी येणारी माणसं थांबून बघत होती.

"बाबा, खड्डा हरणाएवढा! हत्तीएवढा नको!"

"तुझ्या आईला सांग!"

"मला सांगेल त्याने आधी आपली टाच बघावी!"

चवळी गुडघ्याला लागली. साहेब आले, बघून गेले, खडीचं नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी काका नेहमीसारखे झेंडा घेऊन रस्त्यावर उभे होते. हरणं जंगलातून निघाली. रस्त्याच्या कडेपर्यंत आली, एकीने कान टवकारून पलीकडच्या शेतांकडे बघितलं. काकांनी झेंडा वर केला. मग ती वळली आणि सगळी मागोमाग चवळीत शिरली. नुसत्या पाठी दिसत होत्या.

लांबून ट्रक आला. झेंडा बघून ड्रायव्हरने ब्रेक मारला, मान बाहेर काढली. "काय काका, रस्ता बंद का आज?"

काकांनी झेंडा काठीला गुंडाळला, काखेत मारला आणि बाजूला झाले.

"चालू आहे," ते म्हणाले. "जा तू."