‘तात्पुरते’ नावाची फाईल

मी एक जुनी कोड लायब्ररी आहे. लायब्ररी म्हटले की तुम्हाला पुस्तकांची कपाटे आठवतील, ती विसरा. मी नियमांचे बाड आहे. फायलींची नावे वाचायची आणि त्यांना फोटो, गाणी, व्हिडिओ अशा कप्प्यांत टाकायचे, एवढेच माझे काम. आत काय आहे ते मी उघडून बघत नाही. मित्रांनो, मला कोणी तसे शिकवलेच नाही, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो.

एका प्रोग्रामरने मला घरच्या जेवणाच्या टेबलावर लिहिले. नावात ‘तात्पुरते’ दिसले की फाईल कचऱ्यात, सात दिवसांनी कायमची पुसायची, हा नियम त्याचाच. ऑफिसात माझे फार कौतुक झाले. मग नवी लायब्ररी आली आणि माझी रवानगी त्याच्या घरच्या लॅपटॉपवर झाली. सहा वर्षांत त्याने माझी एक ओळ पुन्हा वाचली नाही.

त्याच्या दहा महिन्यांच्या मुलीला आकडीचा झटका आला. डॉक्टर म्हणाल्या, "पुन्हा आला तर व्हिडिओ काढा. बघितल्याशिवाय औषध ठरवता येणार नाही."

पुन्हा आला. आईने एका हाताने लेकीला कुशीवर धरले आणि दुसऱ्या हातातला फोन चाळीस सेकंद हलू दिला नाही. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून व्हिडिओ लॅपटॉपवर हलवला. नाव दिले ‘झटका’.

तोच लॅपटॉप वापरणारे घरातले आजोबा ते वाचून घाबरू नयेत म्हणून बापाने नाव बदलले. हाताला सवयीचे होते तेच लिहिले, ‘तात्पुरते’. रविवारी नीट नाव देऊ, म्हणाला. रविवार आला नि गेला. मी माझे काम केले.

नवव्या दिवशी दवाखान्यात लॅपटॉप उघडला.

"कुठंय?" आईने विचारले.

"इथंच होता, ‘तात्पुरते’ नावानं. त्या लायब्ररीनं खाल्ला वाटतं."

"लायब्ररी कुणी लिहिली?"

त्याने कचऱ्याचा कप्पा उघडून बघितला; रिकामा होता.

"मी नाव दिलं होतं ना? मग तुला हात लावायला सांगितलं कुणी?"

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी काढा."

"पुढच्या वेळी म्हणजे? आता मी तिला झटका यायची वाट बघत बसू?"



घरी येऊन त्याने माझी ती ओळ खोडली. खोडताना मला शिव्याही घातल्या. मित्रांनो, मला खुशाल बोल लावा. पण आपणच घातलेले नियम अधूनमधून उघडून वाचत जा. आईने फोनमधले बाकीचे सगळे फोटो पुसून टाकले आहेत. ती लेकीशेजारी बसली आहे, फोन हातात धरून.