टेकाडाखालचे बोगदे

अ‍ॅम्ब्रोजने मास्तरीण बहिणीला, हिल्डाला, दुपारच्या जेवणापर्यंतची मुदत दिली होती. तोवर त्याच्या कुरणात जुन्या जहागीरदाराच्या गढीची भिंत सापडली नाही, तर तो पाणथळ कोपऱ्यात पाणी काढून द्यायला चर खणणार होता. दर हिवाळ्यात त्याच्या मेंढ्यांचे खूर तिथे कुजत. हिल्डाला भीती एवढीच होती, की चर भलत्या जागी पडला तर शेकडो वर्षांची गढी चिखलात कालवली जाईल.

अख्खं गाव कुरणातल्या टेकाडालाच गढी म्हणत आलं होतं. म्हणून सगळे तिथेच खणत होते.

"हिल्डा, भुयार!" मेव्हिस ओरडली. दुकान बंद ठेवून ती खड्ड्यात उतरली होती. "लॉर्डसाहेब इथून पळत असणार."

दगडांनी बांधलेल्या त्या बोगद्यात हिल्डाने हात घातला. जेमतेम हातच मावला.

"मग लॉर्डसाहेब मांजराएवढे असणार," ती म्हणाली आणि एकदम थबकली. त्या काळी जहागीरदार मांसासाठी ससे पाळत. त्यांना आयती बिळं करून वर मातीचा ढीग रचत. "मेव्हिस, ही गढी नव्हे. हे सशांचं घर आहे."

"म्हणजे उन्हाळाभर आपण सशांचं माजघर उकरतोय?"

हिल्डा टेकाडावर चढली. पावसाअभावी कुरण वाळून पिवळं पडलं होतं. हिरवा होता फक्त पाणथळ कोपरा. खालून तो नुसती दलदल वाटे. वरून मात्र हिरवा पट्टा सरळ जाऊन काटकोनात वळताना दिसला. पुन्हा वळला. दलदल अशी आखून वाढत नाही. तो बुजलेला खंदक होता, आणि आतला वाळका चौकोन म्हणजे गढी.

तेवढ्यात तिथेच खोदयंत्र घरघरलं. ती धावत सुटली.

"अ‍ॅम्ब्रोज, थांब!"

"जेवणवेळ टळली, मास्तरीणबाई. भिंत मिळाली?"

"नाही. सशांची बिळं मिळाली."

तो खदखदून हसला. "मग सर बाजूला."

"गढी इथे आहे. तुझ्या यंत्राखाली खंदक आहे."

"काल टेकाडात, आज इथे. उद्या माझ्या स्वयंपाकघरात येईल!"

"वर जाऊन बघ. तोवर मी हलत नाही." आणि यंत्राच्या लोखंडी दातांखाली ती चिखलात बसली.

शिव्या घालत तो टेकाड चढला. बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. इंजिन चालूच होतं. तो परतला आणि यंत्रात चढला. वरचे दात हलले. हिल्डाने डोळे मिटून घेतले.

इंजिन बंद झालं.

"चौकोन आहे खरा," तो कुरकुरला. "पण माझ्या मेंढ्यांचं काय?"

"या कोपऱ्याला कुंपण घालू. खांब ठोकायला मी येते."

"तू? आधी त्या चिखलातून उठून तर दाखव," तो म्हणाला आणि तिला हात द्यायला खाली उतरला.