मागून हाक

मंगळावर गेलेला माणूस परत येत नाही, हे चौसाळ्यातल्या लोकांना समजावता समजावता भागवतच्या तोंडाला फेस आला. जायचं तेवढं जमतं. यायची सोय अजून कुणी केलेली नाही. जो जाईल तो तिथलाच. तिथंच राहायचं, तिथंच म्हातारं व्हायचं, आणि शेवटी मातीसुद्धा तिथलीच, तांबडी.

कुठल्याशा परदेशी संस्थेनं तिथं वस्ती करायला जगभरातून माणसं निवडली होती. त्यांत चौसाळ्याजवळच्या वस्तीवरचा, धुळाजी धनगराचा हा थोरला मुलगा. पंप म्हणा, मोटार म्हणा, बिघडलेलं काहीही तो चालू करायचा. राजस्थानच्या वाळवंटात सोलर प्लांटवर वर्षानुवर्षं एकटा राहिला होता. निवडीच्या वेळी सगळ्यांना महिनाभर एकेका बंद खोलीत ठेवलं. काही जण रडले, काही भिंतींशी बोलायला लागले. भागवतनं बाहेर येताना विचारलं, अजून थोडे दिवस राहू का? लहानपणापासून मेंढरांमागं दिवसच्या दिवस काढलेल्या माणसाची एकटेपणात परीक्षा घेणं म्हणजे माशाला पोहता येतं का ते बघण्यातला प्रकार.

आता फक्त बंगळूरला जाऊन शेवटचा होकार द्यायचा होता. तो दिला की तिथूनच परदेशी प्रशिक्षणाला, आणि पुन्हा घर दिसणार नाही. त्याआधी आठवडाभर तो गावी आला, आणि येताना मनाशी एक गोष्ट पक्की करून आला. एका जरी माणसानं ‘नको जाऊस’ म्हटलं, तर जायचं नाही.

हे अर्थात त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सांगेल तो भागवत कसला! बायको रोहिणी रुसून माहेरी गेली, तेव्हाही तो तिला आणायला गेला नव्हता. तिच्या मनात असेल तर येईल, म्हणाला. तिकडे तीही म्हणत असणार, त्याच्या मनात असेल तर न्यायला येईल. दोघंही मानी. मान राहिला आणि संसार मोडला.

पहिल्यांदा आला तो पुढारी विजयसिंह. चौकात भागवतचा भलामोठा फ्लेक्स लागला, ‘मंगळवीर’ म्हणून. त्यावर भागवतपेक्षा विजयसिंहाचा फोटो मोठा.

"परत येशील तवा जंगी मिरवणूक काढू," विजयसिंह म्हणाला.

"परत येता येत न्हाई, दादा."

"काहून रं?"

"सोयच न्हाई."

विजयसिंहानं घड्याळात बघितलं. "मग सत्कार आत्ताच उरकू," म्हणाला.

आणि खरंच उरकला. फेटा, शाल, नारळ. असे शंभर भागवत या गावातून गेले पाहिजेत, असं विजयसिंह भाषणात म्हणाला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भागवत एकेका तोंडाकडे बघत होता. एकजण तरी टाळी वाजवायचा थांबेल, असं त्याला वाटत होतं. डोळे भरून आले, पण डोक्याला फेटा असताना रडायचं कसं?

धाकटा भाऊ सोमनाथ त्याच संध्याकाळी म्हणाला, "भाऊ, तुझी मोटारसायकल हितंच ऱ्हाणार ना?"

"हितंच."

"मग मी वापरू का? नुसती उभी ऱ्हाऊन खराब व्हायची."

यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिली माय. साखराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मेंढरं राखणाऱ्या बाईनं विचारावं तेच विचारलं.

"तितं पाणी हाय का?"

"बर्फ हाय. वितळवून घ्यायचा."

"अन् चारा?"

"न्हाई."

"मंग लोकं कशाला जातेत?"

आता ‘नको जाऊस’ म्हणेल, आता म्हणेल म्हणून भागवत तिच्याकडे बघत राहिला. ती उठून कोकराला पाजायला गेली. त्यानंतरचे सगळे दिवस तो तिच्या मागंमागं होता. कधी नुसताच चुलीपाशी बसायचा, कधी आडून विचारायचा, "माय, मी गेल्यावर तुझं कसं?" ती म्हणायची, "माझं काय, हुतंय." आणि ताटात आणखी एक भाकरी टाकायची.

निघायच्या दिवशी दुपारी तिनं दशम्या बांधून दिल्या. तो पाया पडला. "जपून जा," म्हणाली, आणि तोंड फिरवून गोठ्याकडे बघत उभी राहिली.

भागवत बांधावरून हायवेकडे चालू लागला. आपण या घरातून वजा झालो तर कुणाचं काही अडत नाही, हे त्याला पुरतं कळून चुकलं होतं. वाळवंटात, त्या बंद खोलीतसुद्धा, त्याला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं. मग मंगळ काय वाईट? तिथं निदान कुणाची वाट तरी बघायची नाही.

"भागवताऽऽ!"

त्याला आधी ते खरंच वाटेना. हाक मायची होती, आणि मागून होती.

बाहेर निघालेल्याला मागून हाक मारायची नाही, हा साखराबाईचा नेमच होता. एकदा धुळाजी मेंढरं घेऊन लांबच्या चराईला निघाला आणि घोंगडी घरीच राहिली. तर ही बाई हाक मारायची सोडून ज्वारीतून आडवी धावत गेली, त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि धापा टाकत घोंगडी त्याच्या हातात दिली. टोकलं की जाणाऱ्याचं वाईट होतं, यावर तिचा देवाइतकाच विश्वास.

भागवत मागं फिरला. ती अंगणात उभी होती आणि पदरानं तोंड दाबून रडत होती.

"माय, मंग आठ दिवस का बोलली न्हाईस?"

"जानाऱ्याला टोकू न्हाई. येवढ्या लांब चाललास, तितं तुला काई झालं असतं मंजे?"

"अन् आत्ता?"

"आत्ता ऱ्हावलं न्हाई," ती म्हणाली. "तुजी पाठ बघितली अन् ऱ्हावलं न्हाई."

भागवतही रडला, अगदी लहान पोरासारखा, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

हाक बसली की परत फिरायचं, घडीभर बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं, अशी रीत आहे. तिनं तांब्या भरून आणला. तो उंबऱ्यावर बसून प्यायला. हायवेवर बस थांबली आणि निघूनही गेली.

"पानी पिऊन पुन्ना निघता येतंय, माय," तो म्हणाला.

"येतंय की."

"अन् निघालो तर?"

"तर पुन्ना हाक मारीन," साखराबाई म्हणाली. "गळा हाय तवर मारीन."

भागवतनं तांब्या खाली ठेवला आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.