गेणभाऊंचा रोल

अठ्ठ्याण्णव साली पुण्याच्या एका लॅबने मोडीत काढलेलं फिल्म धुण्याचं मशीन फोटोवाल्या समाधानने दुरुस्त करवून घरी आणलं, तेव्हा ते आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली. त्याआधी वारूळवाडीचे रोल एसटीने पुण्याला जायचे. आता रोल एका बाजूने आत सोडायचा, दातेरी चाकं त्याला औषधाच्या टाक्यांतून ओढत न्यायची, आणि पलीकडून धुतलेली निगेटिव्ह बाहेर यायची. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते हौसेने दाखवी.

गेणभाऊंचं रान कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटाला. उन्हाळ्यात पाणी त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं, कारण वरच्या अंगाच्या बागायतदार सयाजीने कालव्यात पाइप टाकून ते आपल्या विहिरीत वळवलं होतं. सयाजीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. गेणभाऊंनी जावयाचा कॅमेरा मागून आणला आणि उसात दडून पाइपांचे फोटो काढले. सोमवारी पाटबंधाऱ्याचे साहेब तपासणीला येणार होते. त्याची कुणकुण लागून सयाजीने पाइप काढूनही टाकले. आता जे काय होतं ते त्या रोलमध्ये.

"पुण्यालाच धाडतो," गेणभाऊ म्हणाले. "तुज्या मशीनचा मला भरवसा वाटत न्हाई, राव."

"घरात मशीन असताना पुण्याला? बसा हितं. चहा व्हईस्तवर हातात देतो."

गेणभाऊ बसले. मशीन चाललं, आणि मधेच कुरकुरून थांबलं. एका चाकाचे दाते झिजलेले होते. दुरुस्ती करणाऱ्याने जुनंच चाक बसवून दिलं होतं. फिल्म सोडवायला समाधानने घाईघाईने झाकण उघडलं, आणि दिवा घालवायचं विसरला; फिल्मला उजेड लागला. हातात आली ती चुरगळलेली, काळीकुट्ट पट्टी.

गेणभाऊंनी ती उजेडात धरून पाहिली. चहा तसाच ठेवून ते उठून गेले.

सोमवारी साहेबांना कालवा स्वच्छ दिसला. गेणभाऊंचा टोमॅटो उभा वाळला.

"पुण्याला जाऊ दिला न्हाई की यानं," चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले. "मशीन लई हुशार, नेमका तेवढाच रोल खाल्ला!"

समाधानने ते झिजलेलं चाक नेऊन दाखवलं.

"असलं भंगारात बी मिळतं, भाऊ," एकजण म्हणाला, आणि सगळे हसले.

आठवड्याभरात सयाजीच्या गड्याने भर दिवसा समाधानच्या ओट्यावर द्राक्षांची पेटी आणून ठेवली.

"पोरांचा हात लागायच्या आत माघारी द्या," समाधानची बायको यशोधरा म्हणाली.

त्याने सायकलला पेटी बांधली आणि सयाजीच्या दारात जाऊन उतरवली. "मी काय केलं न्हाई, सयाजीराव. मशीन अडकलं."

"बाहेर असंच सांगत जा. झ्याक पाठ केलंयस."

"खरंच अडकलं व्हतं. शपथ घेतो."

सयाजीने पेटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कमी पडलं व्हय? तसं सांगायचं की लेका. लाजतोस कशाला?"

रिकामी सायकल ढकलत समाधान घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन पेट्या होत्या. तो त्या आत घ्याव्यात की रस्त्यावर फेकाव्यात, या विचारात उभा असताना गेणभाऊ म्हैस घेऊन समोरून चालले होते. ते थांबले.

"गोड हायेत का रं, समाधान?" त्यांनी विचारलं, आणि म्हशीला हाकलत पुढे गेले.